गोधडी : शाळेचे एक देणे
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



गोधडी ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रातील खेड्यांत क्वचितच आढळेल. कोठे तिला वाकळ म्हणतात, एवढाच काय तो फरक. आजीचे विटलेले लुगडे, आजोबांचे जुने धोतर, लेकराला आखूड झालेले झबले ही एकत्र येतात, त्यांवर धावदोरा पडतो आणि टाकाऊ ठरलेल्या कापडातून ऊब निर्माण होते. परंतु ज्या बालकाला घरच नाही, त्याच्या अंगावर ही ऊब कोणी घालावी? हा प्रश्न गावच्या शाळेने आपला मानावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

निराधार बालकांचा भार समाजाने उचलावा, हा विचार या भूमीत नवा नाही. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुढे १८७५ साली पंढरपुरास प्रार्थना समाजाचा बालकाश्रम निघाला. गाडगे महाराज स्वतः चिंध्यांचे वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. यात्रेकरूंसाठी मात्र त्यांनी पक्क्या धर्मशाळा उभारल्या. स्वतःस चिंधी आणि दुसऱ्यास पक्के छप्पर, हा त्यांचा हिशेब होता. दान म्हणजे घरातील नको असलेली वस्तू बाहेर काढणे, असा समज जेथे असेल तेथे हा हिशेब आठवावा.

म्हणून बालगृहासाठी शिवावयाची गोधडी आपल्याच लेकरासाठी शिवावी तशी शिवली गेली पाहिजे. कामास हात घालण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी संस्थेस पत्र लिहून मुलांची वये, गोधड्यांची संख्या आणि जुने कापड चालेल की नाही, हे विचारून घ्यावे. एक वर्षाच्या आतील तान्ह्या मुलांसाठी गोधडी पाठवू नये. निजताना पांघरूण तोंडावर येणे त्यांच्या जिवास धोक्याचे असते.

कापड सुतीच घ्यावे. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. नवे कापड जोडावयाचे असल्यास तेही आधी धुवावे; अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आटते आणि सारी गोधडी चुरगळते. विरलेला भाग आतील थरात व मजबूत भाग वर आणि खाली यावा. थर जमिनीवर ताणून अंथरावेत, कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांस बांधून घ्यावेत. मग चार बाजूंस चार मुले बसवावीत. दुहेरी दोऱ्याने कडेपासून आत सरकत, दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या रांगा घालाव्यात. गाठ थरांच्या आत दडवावी. सुया मोजून द्याव्यात व मोजूनच परत घ्याव्यात. शिवणकाम मुलींचे, असा भेद शाळेने करू नये. पांघरूण साऱ्यांनाच लागते.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला. त्याचे मर्म येथे सहज हाती येते. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. दीड मीटर लांबीची गोधडी करावयाची तर त्यातून थर किती निघतील? पाच निघतात आणि पाऊण मीटर कापड उरते. पन्हा ११५ सेंटिमीटर धरल्यास गोधडीची परिमिती ५३० सेंटिमीटर होते. उरलेल्या कापडाच्या, पन्ह्याइतक्या लांब व सहा सेंटिमीटर रुंद अशा पाच पट्ट्या जोडल्या की चारी कडांची गोट पुरी होऊन थोडे कापड शिल्लक राहते. पुस्तकातील परिमिती विसरणारा विद्यार्थी ही परिमिती विसरत नाही, कारण पट्टी कमी पडली तर कड उघडी राहते.

टाक्यांच्या बाबतीत मात्र शिक्षकांनी कठोर असावे. सैल टाका धुण्यात उसवतो आणि थर आत गोळा होतात. विद्यार्थ्याचा टाका बिघडला तर रागावू नये, पण तो तसाच सोडूही नये. उसवून पुन्हा घालावयास लावावे. ज्याला आपण कधी पाहणार नाही, ज्याच्याकडून शाबासकी मिळणार नाही, त्याच्यासाठी टाका नीट घालणे यापरता नीतिपाठ दुसरा कोणता?

आणखी एक गोष्ट जपावयाची आहे. गोधडीवर देणाऱ्याचे किंवा शाळेचे नाव शिवू नये. रोज रात्री अंगावर घेताना आपण कोणाच्या उपकाराखाली निजत आहोत, याचे स्मरण त्या बालकास का व्हावे? गोधड्या देताना मुलांना ओळीने उभे करून छायाचित्रे काढण्याचा मोहही टाळावा. अशा बालकांची ओळख नाव वा छायाचित्राद्वारे प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानेही मनाई केली आहे. कायदा नसता तरी सौजन्याने हेच सांगितले असते. गोधड्या घडी घालून, संस्थेच्या अधीक्षकांकडे मोजून द्याव्यात आणि पोच घ्यावी, इतके पुरे. शक्य असल्यास प्रत्येक गोधडीची नक्षी वेगळी असावी. संस्थेत ताट, वाटी, गणवेश सारे एकसारखे असते. ‘ही लाल कोपऱ्याची माझी’ असे म्हणता येण्याजोगी एक वस्तू तरी त्या बालकापाशी असावी.

एका सत्रात एका शाळेने एकच गोधडी पुरी केली तरी ते काम लहान नव्हे. संख्येची चढाओढ लावल्यास टाके लांब होतील आणि ऊब कमी होईल. थंडीपूर्वी एक गोधडी नीट शिवून पोहोचली, तर एक बालक उबेत निजेल आणि ती शिवणारे विद्यार्थी न पाहिलेल्या माणसाची काळजी वाहावयास शिकतील. या दोन्ही गोष्टी शिक्षकांच्या हातच्या आहेत.