टर्बोचा तो एक क्षण



"संगणकवाली बाई टर्बोवर काय बोलणार?" असं मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंच. अहो, टर्बोतली हवा किती दाबायची, हे आता सॉफ्टवेअरच ठरवतं!

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरानं एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखावर फेरे. युक्ती जुनीच, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट घेतलं. पण धूर कमी असला की चक्र आळसावतं. बालाघाटातल्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून निघायला पाय दाबा. क्षणभर काहीच नाही, मग एकदम रेटा. समोरून येणारा ट्रक त्या क्षणासाठी थांबत नाही.

टाटांनी २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली. साधी पेट्रोल टियागो ८५ पीएसची, ही ११४ची. इंजिन दोन्हीकडे १.२ लिटरचंच. पण तिथं नुसता टर्बो नव्हता, गिअरचं प्रमाण, सस्पेन्शन, टायर सगळं बदललं होतं.

आपली पोरं मात्र बाहेरून किट आणतात. मोठा टर्बो, मोठा आकडा! मोठं चक्र जड, ते उशिरा जागं होतं. त्यात हवा वाढवली आणि इंधन, ठिणगीची वेळ तशीच ठेवली, तर इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनही फुटतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

भाच्याला म्हटलं, कारखान्यातूनच छोटा टर्बो बसवून आलेली गाडी घे. अजून रुसलाय.