गाडी नावावर आणि गाडी हातात

(बचत गटांतल्या वाहनचालक मैत्रिणींच्या एकदिवसीय शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण कर्ज, विमा आणि लायसन्स यांवर बोललो. आता माझ्या वाट्याला शॉकअप आणि स्पार्क प्लग आलेत. विषय ऐकून काहीजणी हसल्या. हसा. पण बायकांच्या हक्कांच्या बैठकीत हा विषय कशाला, याचं उत्तर मी आधी देते.

आमचा अकरा जणींचा बचत गट नारायणगावच्या बाजूचा. गटाच्या कामासाठी एक छोटी पिकअप आहे, चार सिलिंडरची, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. आरसी बुक माझ्या नावावर आहे. मी आणि गटातली एक मैत्रीण, आम्ही दोघी ती चालवतो. टोमॅटोचे क्रेट, पालेभाजी, कधी मंडपाच्या खुर्च्या, मिळेल तो माल वाहतो. आज तिच्या काट्यावर १ लाख ८४ हजार किलोमीटर आहेत.

लायसन्सचा प्रश्न आता बराचसा सुटलाय. हलक्या मोटारीचं लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेच कायम केलं. म्हणजे कायद्यानं स्टिअरिंग आपल्या हातात आलं. पण गाडी गॅरेजात नेली की काय ऐकू येतं? "ताई, मालकांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो."

मालक मीच आहे, हे सांगून भागत नाही. कारण पुढचा प्रश्न येतो, "मग काय करायचं, इंजिन खोलू का?" तिथं आपल्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आत काय आहे ते माहीत पाहिजे. ज्या वस्तूबद्दल आपल्याला काही कळत नाही, तिचे निर्णय दुसराच कुणीतरी घेतो. मग ती जमीन असो, आपलं शरीर असो, नाहीतर गाडी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भरलेली गाडी चढाला लागली की मिसिंग करायची. धक्के द्यायची, ओढायची नाही, गॅसही जास्त खायची. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, रिंगा गेल्यात, इंजिनचं काम निघणार. आकडा चाळीस हजारांच्या आसपास. शिवाय आठ-दहा दिवस गाडी उभी. टोमॅटोच्या हंगामात दहा दिवस गाडी उभी राहिली तर आमचा हप्ता कुठून भरणार?

मी एकच गोष्ट केली. गाडी पेट्रोलवर टाकली आणि तोच चढ पुन्हा चढले. पेट्रोलवर मिसिंग जवळजवळ थांबलं. आता हे नीट ऐका, कारण आपल्यातल्या निम्म्या गाड्या सीएनजीच्या आहेत. प्लगच्या टोकाशी दोन धातूंमध्ये एक बारीक फट असते. त्या फटीतून ठिणगी उडाली की इंधन पेटतं. गॅसमधून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त विजेचा दाब लागतो. प्लग झिजला की ही फट रुंदावते आणि आणखी जास्त दाब लागतो. म्हणून प्लग किंवा कॉइल कमजोर झाली, तर गाडी आधी गॅसवर आणि तेही भरलेली असताना तक्रार करते. रिंगा गेल्या असत्या तर पेट्रोलवर इतका फरक पडला नसता.

मी गॅरेजवाल्यांना म्हटलं, "दादा, इंजिन खोलण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि आकडे कागदावर लिहून द्या." त्यांनी मोजलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मोजून घेतलं, चारही आकडे जवळपास सारखे आले. चार प्लग बदलले, खर्च हजाराच्या आत. त्याच दुपारी गाडी माल घेऊन गेली.

चाळीस हजार आणि हजार यांच्यामधलं अंतर म्हणजे माहिती. म्हणून हा विषय.

आता प्लग कसे बदलायचे ते सांगते. वह्या काढा.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनात प्लग फिरवला तर ॲल्युमिनिअमच्या हेडचे आटे जाऊ शकतात, आणि आटे गेले की खरंच मोठं काम निघतं. छोट्या पिकअपमध्ये इंजिन बहुधा सीटखाली असतं, सीट उचलायची. गॅसचा वास येत असेल तर कशालाही हात लावायचा नाही; टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अधिकृत माणसाकडे जायचं. वास नसेल तर चावी काढून ठेवायची आणि एका वेळी एकच कॉइल, एकच प्लग काढायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लग काढण्याआधी त्या खड्ड्यातली धूळ हवेनं उडवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

जुना प्लग फेकू नका, तो वाचा. प्लग म्हणजे इंजिनचा रिपोर्ट. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आतलं जळण नीट आहे. गॅसवर ते जरा जास्तच फिकट दिसतं, त्याला घाबरायचं नाही. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, तेव्हा रिंगांची नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलची शंका खरी. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिन जास्त तापतंय किंवा प्लगच चुकीचा बसवलाय. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमानं कागदावर मांडा आणि फोटो काढून ठेवा.

नवा प्लग मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचाच घ्यायचा. फट फीलर गेजनं तपासायची, तीही मॅन्युअलमध्ये दिलेली. बसवताना पाना नाही, आधी हात. प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून तो फिरवत न्यायचा. आटे तिरके लागले तर नळी हातातच सरकते, जोर बसत नाही आणि नुकसान टळतं. प्लग टेकला की पान्यानं किती फेरा द्यायचा ते खोक्यावर छापलेलं असतं. टॉर्क पाना असेल तर उत्तमच. अंगातली सगळी ताकद लावायची गरज नाही. "बायकांच्या हाताला जोर नसतो" म्हणणाऱ्यांना सांगा, इथं जोर लावणाराच आटे घालवतो.

साधे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, गॅसवर त्याहून लवकर झिजतात. इरिडियमचे महाग असतात, पण बरेच जास्त चालतात. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं आणि तो भाग निकामी होतो. तो भाग प्लगच्या कित्येक पट महाग आहे.

आता शॉकअप. इथं एक गैरसमज आधी दूर करू. मालाचं वजन शॉकअप पेलत नाही, वजन पेलतात ते पाटे. खड्ड्यातून गेल्यावर पाटा दाबला जातो, उसळतो, पुन्हा दाबला जातो. ही उसळी थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत ऑइल असतं आणि एक दट्ट्या. दट्ट्या हलला की ऑइलला बारीक भोकांतून जावं लागतं, तिथं अडथळा होतो आणि उसळीतली ताकद उष्णतेत बदलून जिरते. सील गेलं, ऑइल गळलं, आतले व्हॉल्व्ह झिजले की अडथळा संपला. मग चाक रस्त्यावर टिकत नाही, नाचतं. आणि जे चाक रस्त्याला टेकलेलं नाही, ते ब्रेक लावूनही गाडी थांबवत नाही. हा आरामाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

मुश्कील अशी की शॉकअप एका दिवसात जात नाहीत. रोज थोडे थोडे जातात आणि आपल्याला सवय होत जाते. गाडी डुलते, आपण सावरून धरतो. २० किलोच्या क्रेटमधले खालचे टोमॅटो दबतात, आपण रस्त्याला दोष देतो. कंबर दुखते, आपण वयाला दोष देतो. सहन होतंय म्हणून ठीक आहे, हा हिशेब आपल्याला लहानपणापासून शिकवलाय. गाडीच्या बाबतीत तरी तो सोडू या.

कसं ओळखायचं? पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. वर येऊन स्थिरावला तर ठीक, दोन-तीनदा उसळला तर शॉकअप गेला. मागच्या बाजूला मात्र ही परीक्षा फसवते. तिथले पाटे एकमेकांवर घासून स्वतःच उसळी थोडी थांबवतात, त्यामुळे मेलेला शॉकअपसुद्धा पास होतो. तिथं खाली वाकून नळीवर ऑइलचा ओघळ आहे का ते बघा. टायरवर हात फिरवा. खळगे-खळगे पडल्यासारखं लागलं तर चाक नाचतंय. खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही शॉकअपना हळूच हात लावा. काम करणारा कोमट असतो, न करणारा गारच.

बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला वेगळी वागते. पाट्यांच्या गाडीत मागचे शॉकअप चाकं जमिनीवर ठेवूनही निघतात. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दगड. गाडी उचलावीच लागली तर खाली घोडी लावल्याशिवाय आत शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. नवा शॉकअप साधा ऑइलचा असेल तर उभा धरून चार-पाच वेळा दाबून ओढा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. रबरी बुश नवे घ्या. आणि बोल्ट शेवटचा घट्ट आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. लटकत्या चाकावर आवळलं तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्या.

पुढच्या बाजूला शॉकअपवर स्प्रिंग बसवलेली असेल, तर ते काम घरी करायचं नाही. ती स्प्रिंग दाबलेली असते. अवजाराशिवाय वरचा नट सोडला तर ती माणसाला जायबंदी करू शकते, जीवही घेऊ शकते. ते काम गॅरेजात आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट. काय करायचं नाही ते ठरवता येणं, हेसुद्धा कळण्यातच धरा.

गॅरेजवाला आपला शत्रू नाही, हेही सांगायला हवं. तोही हातावर पोट असलेला माणूस आहे आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षांची विद्या आहे. आम्हाला शॉकअप खोलायला ज्यांनी शिकवलं, ते एक वयस्क मिस्त्रीच. त्यांनी फक्त पाना हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. आपलं भांडण आहे ते "तुम्हाला काय कळणार" या वाक्याशी. त्याला तीन गोष्टींनी उत्तर द्या: काढलेला जुना भाग परत मागायचा, मोजलेले आकडे लिहून घ्यायचे आणि बिलावर भागाचा नंबर मागायचा.

हे काही आजचं नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन मोटार चालवत मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. मोटारीचा लांबचा पहिला प्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. कारखान्यात तिच्या माहेरचा पैसा होता, पेटंट नवऱ्याच्या नावावर. आपल्याकडे दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात शांतीदेवींनी वर्षानुवर्षं ट्रकची अवजड चाकं खोलली, बसवली. जोर कुठून आला, असं त्यांना विचारणाऱ्यांनी घागरी वाहणाऱ्या बायका पाहिल्या नसाव्यात.

शेवटी पैशाचं. हप्ता, विमा, गॅस भरून झाल्यावर उरेल त्यातून दुरुस्ती, असं ठेवलं तर दुरुस्ती कधीच होत नाही. आमच्या गटानं ठरवलंय, चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे १ रुपया वेगळ्या डब्यात. घरातल्या अडचणीला तो डबा उघडायचा नाही. यावरून आमच्यात वाद झाले, अजून होतात. पण मागचे शॉकअप बदलताना कुणाच्या नवऱ्यापुढे हात पसरावा लागला नाही.

आता जेवणानंतर बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत. पाने, फीलर गेज आणि जुने प्लग मांडून ठेवलेत. साडीचा पदर, ओढणी घट्ट खोचा, बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. ज्या गाडी चालवत नाहीत त्यांनीही या. प्रत्येकीनं निदान एक प्लग स्वतःच्या हातानं काढून, वाचून, परत बसवल्याशिवाय आज घरी जायचं नाही.