वयात येणारी मुले आणि घराचे मौन

(खंडाळा, जि. सातारा येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



2007 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात एक दुर्मीळ दृश्य दिसले. शाळांतून लैंगिक शिक्षण देण्याच्या प्रश्नावर सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरून एकाच सुरात विरोध झाला आणि विलासराव देशमुख यांच्या सरकारने तो कार्यक्रम थांबवला. केंद्राचे मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून आखलेल्या त्या कार्यक्रमाचे नाव मोठे सोज्वळ होते : किशोरावस्था शिक्षण. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही तोच मार्ग धरला. 2009 साली व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतून असे शिक्षण देऊ नये, असेच मत नोंदवले.

तो विरोध अकारण नव्हता. त्या साहित्यातील चित्रे वर्गात कशी दाखवावीत, हा प्रश्न अनेक शिक्षकांनाच पडला होता. खरा आक्षेप मात्र दृष्टीचा होता. रोगापासून बचाव हा विषयाचा गाभा ठरला, की संयम, विवाह, कुटुंब, उत्तरदायित्व या गोष्टी तळटीपेत जातात. आपल्या परंपरेने 'काम' हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला. गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माशी विरोध नसलेल्या कामाला भगवंतांनी आपल्या रूपांत स्थान दिले आहे. ज्या समाजाने या विषयाला इतकी उंची दिली, त्याने तो केवळ साथरोगाचे प्रकरण म्हणून शिकवावा, हे पटण्यासारखे नव्हतेच.

परंतु त्या विरोधाचा उत्तरार्ध लिहायचा राहून गेला. 'हे काम शाळेचे नव्हे, घराचे आहे', असे ठणकावून सांगितले गेले. मग घरांनी ते केले काय?

पूर्वी घराची स्वतःची अशी एक व्यवस्था होती. मुलगी न्हाती झाली की आजी, मावशी, थोरली जाऊ तिला चार गोष्टी सांगत. सातारा-सांगलीकडे मुलगा तालमीत जाई आणि वस्ताद त्याला लंगोटाचा अर्थ समजावी. ते ज्ञान शास्त्रशुद्ध होते असे नव्हे. त्यात भीती होती, विटाळाच्या कल्पना होत्या. पण सांगणारे माणूस होते. शिवाय बालविवाहाच्या काळात 'वयात येणे' आणि 'संसारात पडणे' यांत अंतरच नव्हते. आज ते अंतर दहा-पंधरा वर्षांचे आहे आणि त्या काळात सोबतीला आजीही नाही, वस्तादही नाही.

खंडाळा म्हटले की मुंबईकराला लोणावळ्याशेजारची थंड हवा आणि 'गुलाम' चित्रपटातले गाणे आठवते. हे खंडाळे निराळे : खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे आई-वडील, रात्री उशिरापर्यंत एकटी असणारी मुले, आणि त्यांच्या हाती 2020 च्या टाळेबंदीत अभ्यासासाठी आलेला मोबाइल. घर बोलत नाही म्हणून मूल अज्ञानी राहत नाही. ते त्या पडद्यावरून शिकते. तिथे स्त्री ही केवळ वस्तू असते आणि संयम हा शब्दच नसतो. सरकारी पुस्तकातले चित्र आपण अडवले, हे त्याहून कितीतरी हिडीस चित्र कोण अडवणार?

याच तालुक्यातील नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांच्या शाळा सर्वांना ठाऊक आहेत; पण 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्याची आठवण कमी निघते. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे बाळंत होत. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, या दांपत्याने दत्तक घेतले. त्या स्त्रियांना फसवणारे पुष्कळदा नात्यातले, घरातलेच असत. अब्रूच्या धाकाने बाईने गप्प बसायचे आणि पापाचा धनी मोकळा फिरायचा, हा त्या काळच्या मौनाचा हिशेब होता.

तो हिशेब अजून मिटलेला नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतील बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले, आणि त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. त्रास देणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते. विधिमंडळात गदारोळ झाला, तेच हे वर्ष.

म्हणून 'केवळ घरच शिकवील' हे उत्तर अपुरे पडते. ज्या घरातच धोका आहे, त्या मुलीने जायचे कोठे? तिला एखाद्या बाईंचा आधार वाटला पाहिजे, आणि ती बाई शाळेतच भेटण्याची शक्यता अधिक. उलट, प्रेम आणि आकर्षण यांतला भेद, दिलेल्या शब्दाची किंमत, स्त्रीकडे पाहण्याची नजर, ही चाळीस मिनिटांच्या तासात शिकवण्याची गोष्ट नव्हे. वडील आईशी कसे बोलतात, यातून मुलगा ती शिकतो. शरीरशास्त्र आणि कायदा शाळेने सांगावा. त्याला अर्थ घराने द्यावा. क्रमही महत्त्वाचा : शाळेत मुलांना काय सांगणार, हे आधी पालकांना दाखवले पाहिजे. 2007 साली नेमके तेच झाले नव्हते.

कायद्याचे अज्ञान तर घरोघरी आहे. 2012 च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन पळालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, 'आमचे प्रेम होते' म्हणून सुटत नाही. गुन्हा ठाऊक असून न कळवणाराही शिक्षेस पात्र ठरतो. मुलांच्या आई-बापांपैकी कितीजणांनी हे त्यांना एकदा तरी बसवून सांगितले आहे?

हा विषय आता पुन्हा दाराशी आला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षण नववीच्याही आधीपासून असावे, असे मत व्यक्त केले. राज्यात 2022 च्या शासननिर्णयाने शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' नेमायची आहे आणि तिच्यात पालकांनाही जागा आहे. नाव नायगावच्या लेकीचे आहे. खंडाळा तालुक्यातील किती शाळांत ती समिती खरोखर बसते आणि किती ठिकाणी केवळ फळ्यावर नावे आहेत, हे येत्या पालकसभेत विचारता येईल. पुस्तक मागवून वाचता येईल; न पटलेले पान दाखवून तिथे काय हवे, हेही लिहून देता येईल. आणि त्या संध्याकाळी घरी चौदा वर्षांच्या मुलाने काही विचारलेच, तर 'गप्प बस' याखेरीज कोणते वाक्य उच्चारायचे, ते त्याआधी आई-वडिलांनी आपसांत बोलून ठरवायला हवे.