भोंगा नसलेली पाळी



गिरणीचा भोंगा झाला की आमच्या वडिलांची पाळी संपे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. १९४६ साली कायदा झाला. ते सहा तास आमच्या घरांना मिळाले.

आता मुले शिकली, ऑफिसात गेली. अभिमान आहेच. पण रात्री दहाला ताट वाढले, की ग्रुपवर साहेबांचा मेसेज! एक हात भातात, दुसरा मोबाईलवर. मेसेज आला नाही तरी कान तिकडेच. नातू वही घेऊन गेला तर त्याच्यावर खेकसणे. मग झोप नाही, सकाळी डोके जड. याची हजेरी कुठल्या मस्टरवर लागते? वडिलांना जादा कामाची दुप्पट मजुरी तरी मिळे.

फ्रान्समध्ये कामानंतर फोन बाजूला ठेवण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खाजगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.

'फोन बंद कर' म्हणणे सोपे आहे हो. नोकरी गेली तर घराचा हप्ता कोण भरणार, हे आम्हालाही कळते. म्हणून आम्ही मुलाला बोलत नाही. त्याच्या ताटावर झाकण ठेवतो आणि बसून राहतो.