अखेरच्या वाटेवरची सोबत
(सेवाकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील एका भाषणाचे शब्दांकन)



'आता घरी घेऊन जा, करण्यासारखे काही उरलेले नाही,' हे वाक्य ज्या घराने ऐकले आहे, त्या घराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रुग्णालयातील कागद तेथे संपतात. रुग्णाचे आयुष्य मात्र संपलेले नसते. ते कधी पंधरा दिवस, तर कधी सहा महिने चालू राहते. वेदना असतात, धाप लागते, रात्र सरत नाही. वैद्यकशास्त्राने हात टेकले असे आपण म्हणतो. परंतु नेमक्या त्याच क्षणी माणसांच्या हातांचे काम सुरू होते. आजचा विषय त्या हातांचा आहे.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला रास्त अभिमान आहे. माणसाने आपल्या माणसांत, मुखी गंगाजळाचा थेंब घेऊन शेवटचा श्वास घ्यावा, ही आपली परंपरा. मृत्यू ही लपविण्याची गोष्ट आपण कधी मानली नाही. काशीचे मुक्ती भवन १९५८ पासून अखेरचे दिवस मोजणाऱ्यांना आसरा देत आले, ते याच श्रद्धेतून.

पण अभिमानाला वास्तवाचीही जोड हवी. आजचे घर दोन खोल्यांचे. मुलगा बंगळुरूला किंवा अमेरिकेत, सून नोकरीवर. सारी शुश्रूषा एकट्या पत्नीवर किंवा लेकीवर येऊन पडते. महिनोन्महिने तिला सलग चार तास झोप मिळालेली नसते. कुटुंबव्यवस्थेचे गुणगान करणाऱ्या समाजातील कितीजणांनी तिला म्हटले असेल, 'वहिनी, तुम्ही जरा पडा, दोन तास मी बसतो'? प्रश्न येथे आहे.

या प्रश्नाला जगात एक संघटित उत्तर मिळाले, त्याचे नाव हॉस्पिस. त्यामागची कथा उद्बोधक आहे. १९४८ च्या सुमारास लंडनमध्ये रुग्णालयात समाजसेविकेचे काम करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांची एका मरणासन्न रुग्णाशी ओळख झाली. डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला निर्वासित ज्यू. जवळचे म्हणावे असे कोणी नाही. त्याने जाताना त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. त्यांच्या भावी वास्तूत आपण एक खिडकी व्हावे, एवढीच त्याची इच्छा. त्यानंतर सॉन्डर्स वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी 'सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस' उभे केले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची, पैशाच्या विवंचनेची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांचे सूत्र. यातील शरीराच्या वेदनेवर डॉक्टर औषध देतो. उरलेल्या वेदनांवर औषध कोण देणार?

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना सदन', १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र कर्करुग्णांना विनामूल्य सेवा देत आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीने बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना दिलेला आधार आपणा सर्वांना परिचित आहे. परंतु ज्यापासून आपण खरोखर शिकावे, तो प्रयोग केरळचा. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. थोड्याच काळात त्यांना उमगले की, हे काम केवळ डॉक्टरांचे नव्हे. मग त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना साद घातली. अट एकच : आठवड्याचे किमान दोन तास. सोळा तासांचे प्रशिक्षण आणि चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसमवेत अनुभव. त्यातून विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी, निवृत्त शिक्षक उभे राहिले. हे काम एवढे रुजले की, २००८ मध्ये केरळ शासनाला या विषयाचे स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले.

हे स्वयंसेवक काय करतात? ऐकायला अगदी साधे वाटेल. वर्तमानपत्र वाचून दाखवितात. कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने टिपतात. नखे कापतात. बँकेचा, निवृत्तिवेतनाचा राहिलेला कागद पूर्ण करून आणतात. नातेवाईक आंघोळीला, झोपेला घरी जाऊन येईपर्यंत शेजारी बसतात. पुष्कळदा तर काहीच करीत नाहीत, नुसते हात हातात घेऊन बसतात. माणूस गेल्यानंतर महिन्याभराने त्या घरी पुन्हा डोकावतात. कारण सांत्वनाची गर्दी तोवर ओसरलेली असते.

काय करीत नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. औषध देणे, जखम हाताळणे हे प्रशिक्षणाशिवाय कदापि नाही. 'आमच्या ओळखीतल्या एकाला अमुक काढ्याने गुण आला' हा सल्ला नाही. खोटी आशा नाही आणि तत्त्वज्ञानाचे प्रवचनही नाही. रुग्णाने मागितली तर ज्ञानेश्वरी वाचावी. पण तो मुसलमान वा ख्रिस्ती असेल, तर त्याच्या प्रार्थनेची सोय करून द्यावी. त्या खाटेपाशी श्रद्धा त्याची असते, आपली नव्हे. तेथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. स्वतःच्या घरी नुकताच मृत्यू घडला असेल, तर अनेक संस्था काही काळ थांबण्यास सांगतात. तो सल्ला मानावा.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जयंती-पुण्यतिथीला रुग्णालयात फळे वाटायची, छायाचित्र काढायचे आणि वर्षभर तिकडे फिरकायचे नाही, या प्रथेला आपणही अपवाद नाही. ज्याला पाण्याचा घोटही गिळवत नाही, त्याच्या उशाशी ठेवलेले सफरचंद कोणाच्या समाधानासाठी असते? सेवेत उपकाराची भावना शिरली की ती सेवा राहत नाही. नरसेवा हीच नारायणसेवा असे आपण म्हणतो. मग नारायणाच्या दर्शनाला वर्षातून एकदाच जाणारा भक्त कसला?

हॉस्पिसला धाडसाची नव्हे, नियमिततेची गरज असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी माणूस यावा. कारण आतला रुग्ण सकाळपासून त्या पावलांची वाट पाहत असतो, आणि त्याच्यापाशी 'पुढच्या आठवड्यात' असे म्हणण्याइतका वेळ असेलच असे नाही. ऊन असो, पाऊस असो, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी उपस्थित राहणे, हा तर शाखेचा पहिला संस्कार. ज्याने तो अंगी बाणविला, त्याच्याजवळ या कामाची मुख्य पात्रता आधीच आहे. उरलेले प्रशिक्षणाने येते.

प्रत्येक नगरात हॉस्पिस नाही. ते नाही म्हणून थांबण्याचेही कारण नाही. जेथे ते आहे, तेथे जाऊन संस्थेच्या प्रमुखांना भेटावे आणि त्यांच्या शिस्तीत काम शिकावे. जेथे ते नाही, तेथे आपल्याच वस्तीत असे एखादे घर निश्चित असेल, जिथला दिवा रात्रभर जळतो. आठवड्याचे १६८ तास सर्वांनाच मिळतात. त्यातले दोन त्या घरासाठी काढता येतील का, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. आणि ते 'होय' असेल, तर वार आणि वेळ आजच निश्चित करावी.