वारा डोळ्यांनी मोजताना



वारा दिसत नाही, त्याने केलेले काम तेवढे दिसते. आम्हा होमिओपॅथीच्या डॉक्टरांचे सगळे लक्षणांवरच चालते, म्हणून ही रीत मला जवळची वाटते. ब्रिटिश आरमारातले फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०६ साली आपल्या रोजनिशीत वाऱ्याची प्रतवारी मांडली. पुढे ती शून्य ते बारा अशी स्थिरावली आणि १८३८ मध्ये आरमाराने स्वीकारली. तिच्यात वेगाचा आकडा नव्हता. लढाऊ जहाजाला किती शिडे पेलतील, एवढाच हिशेब होता. वाफेची जहाजे आल्यावर लोक लाटांकडे पाहू लागले. जमिनीवरच्या खुणा विसाव्या शतकात जॉर्ज सिम्पसन यांनी जोडल्या.

चुलीचा धूर सरळ वर गेला तर शून्य. धूर कलला पण तोंडाला वारा लागला नाही तर एक. पाने सळसळली तर दोन. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर तीन, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. समुद्रावर याच वाऱ्याने लाटांचे माथे कुठे कुठे फुटून फेस दिसू लागतो. आपल्या वैनगंगेकाठच्या धानाच्या खळ्यावर हा तिनाचा वारा शेतकऱ्याला ब्यूफर्टशिवायच कळतो. तिवईवर उभे राहून सुपातून धान सोडायचे. कोंडा लांब जाऊन पडला आणि दाणा पायाशी राहिला, की वारा उफणणीचा. दाणाही वाहू लागला की सूप खाली ठेवायचे. धूळ आणि कागद उडाले की चार, छत्री सांभाळणे कठीण झाले आणि तारा शिट्टी वाजवू लागल्या की सहा.

यापुढे मात्र नुसती गंमत राहत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. आठाला, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरला, डहाळ्या मोडतात. समुद्रावरच्या वादळाला आपले हवामान खाते ‘चक्रीवादळ’ म्हणते तेही इथूनच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वारा अकरा-बाराच्या घरात होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

आपल्याकडे चक्रीवादळ नाही, पण वैशाखातले वावधान आहे. ते दोनावरून आठावर काही मिनिटांत जाते, आणि ही प्रतवारी आत्ताचा वारा सांगते, पुढचा नव्हे. म्हणून आभाळ काळवंडले असताना मोठ्या फांद्या हलू लागल्या, की कैऱ्या वेचणाऱ्या पोरांना आंब्याखालून लगेच घरात घ्या. टिनाच्या पत्र्यांवर दगड ठेवायला त्या वेळी चढू नका. ते काम चैत्रातच पत्रे नीट ठोकून उरका. मोबाईलवरचा आकडा बघायला हरकत नाही, पण तो तुमच्या अंगणातला नसतो. अंगणातल्या कडुलिंबाकडे रोज संध्याकाळी पाहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहा. महिनाभरात तुमचा आणि शेजाऱ्यांचा आकडा जुळू लागेल.