आगगाडी, रेल आणि तीवंडी



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली. पुढे ती देशभर पसरली, आणि नाव ठेवताना ज्याने त्याने आपल्या डोळ्यांना दिसले ते धरले. आम्हां मराठी माणसांना आणि शेजारच्या गुजरात्यांना दिसली आग. दोघेही आगगाडीच म्हणतो. मल्याळीतली ‘तीवंडी’ म्हणजे तरी काय? शब्दशः आगगाडीच. तमिळांना धूर दिसला, त्यांची ‘पुगैवंडी’. कानडीत मात्र ‘उगिबंडी’, वाफेची गाडी. शास्त्रदृष्ट्या कानडी माणूसच खरा, हे कबूल केले पाहिजे! हिंदीत तर रूळच गाडी झाला. वऱ्हाड-नागपूरकडे मराठीतही ‘रेल आली’ म्हणतात, आणि पुणेकर उगाच कान टवकारतो. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी धावू लागली. आग गेली, शब्द राहिला.

इथवर सारी गंमत. खानदेशातला नोकरदार ‘अपडाऊन करतो’ म्हणतो, तेव्हा रेल्वेच्या अप आणि डाऊन या दिशांशी त्याला कर्तव्य नसते. रोज गाडीने जाऊन येतो, एवढेच. त्यात कोणाचे बिघडत नाही. ‘फास्ट’चे तसे नाही.

दादरला एकदा साताऱ्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई आमच्या डब्यात चढल्या. मुलगा विक्रोळीला इस्पितळात होता. कोणी म्हणाले, “आजी, ही फास्ट आहे.”

“बरं झालं बाबा, लवकर पोचंन,” त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

त्यांच्या लेखी फास्ट म्हणजे वेगाने जाणारी. मुंबईकराच्या लेखी, मधली स्टेशने सोडणारी. आम्हीही ते ऐकले आणि वर्तमानपत्रात डोके घातले. विक्रोळी डोळ्यांदेखत मागे गेले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. आम्ही ठाण्याहून त्यांना परत आणले, पण भेटीची वेळ टळली होती. रात्रभर त्या फाटकाशी बसून राहिल्या.

‘फास्ट’ इंग्रजी म्हणून हे घडले, असे काही विद्वान म्हणतील. पण ‘जलद’ म्हटले असते तरी त्या चढल्याच असत्या! उलट ‘फलाट’ पाहा. प्लॅटफॉर्म जिभेवर घासून घासून तो झाला, आणि खेड्यातल्या माणसालाही तो अडत नाही. त्या दिवशी हवे होते ते एवढेच वाक्य: “आजी, ही विक्रोळीला थांबत नाही. मागची घ्या.”